प्री-डायबिटीस, ट्रायग्लिसराइड आणि लघवीतलं अल्ब्युमिन : एकत्र कसं वाचायचं?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला आहे. त्यातल्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, हे समजून घ्यायचंय. इथे जाणकार बरेच आहेत, म्हणून हा धागा.

वय ४४, पुरुष, शाकाहारी. हिंजवडीत बैठं काम. वजन ७१ किलो, उंची पाच फूट सात इंच, कंबर ९५ सेंमी. तंबाखू, सिगारेट, दारू नाही. वडिलांना मधुमेह होता आणि शेवटची काही वर्षं किडनीचाही त्रास झाला, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसत्या कुतूहलाचा नाही.

उपाशीपोटी साखर १०९, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज) ६.१. एकूण कोलेस्टेरॉल १९६, एलडीएल (ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते) ११२, एचडीएल ('चांगलं') ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३८. क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनीने बाहेर टाकायचा पदार्थ) ०.९, त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) १०८. लघवीच्या रुटीन तपासणीत प्रोटीन 'निल'. बीपी १३६/८६. पॅकेजमध्ये यूएसीआर (लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर) नावाची आणखी एक तपासणी होती, ती ४२ आली आणि तिच्यापुढे ठळक अक्षरांत 'हाय' छापलंय.

तपासणी केंद्रातल्या डॉक्टरांचं म्हणणं : साखर बॉर्डरवर आहे (म्हणजे प्री-डायबिटीस), गोड कमी करा, कोलेस्टेरॉल ठीक, किडनी उत्तम. यूएसीआरबद्दल विचारलं तर म्हणाले, क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना, मग सोडून द्या.

मला सोडून देता येत नाहीये. प्रोटीन 'निल' असताना अल्ब्युमिन जास्त कसं? प्री-डायबिटीसमध्ये ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल यांचं गुणोत्तर वाढलेल्यांच्या किडनीवर लवकर परिणाम दिसतो असं वाचनात आलं, ते कितपत खरं? आणि खरं असेल तर करायचं काय?

सुरपाखरू

वाचतेय. माझंही एचबीए१सी ५.९ आलंय, नंतर विचारेन.

रानजाई

मुठाकाठ, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री बघते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते, बाकीचं डॉक्टर मंडळी सांगतील.

रुटीनमध्ये लघवीत पट्टी बुडवतात आणि रंग बदलतो का ते बघतात. त्या पट्टीला रंग दाखवायलाच डेसिलिटरमागे साधारण १५ ते ३० मिलिग्रॅम अल्ब्युमिन लागतं. तुमची चिंता सुरू होते ती मात्र त्याच्या पुष्कळ खाली. यूएसीआर ३० म्हणजे सर्वसाधारण लघवीत डेसिलिटरमागे फक्त ३ मिलिग्रॅमच्या आसपास. पट्टीला ते दिसणारच नाही. 'निल'चा अर्थ पट्टीला दिसलं नाही एवढाच आहे. पेशंटना हे कुणीच सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

यूएसीआरमध्ये अल्ब्युमिनला लघवीतल्या क्रिएटिनिनने भागतात. भरपूर पाणी प्यायलात तर लघवी पातळ होते, कमी प्यायलात तर घट्ट. भागाकारामुळे तो फरक बराचसा निघून जातो आणि चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवण्याची गरज उरत नाही. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या खाली नॉर्मल, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर जास्त वाढ.

पण एका नमुन्यावर कुणीही निष्कर्ष काढू नये. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, पाळी, खूप वाढलेलं बीपी, आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम, यातल्या कशानेही आकडा वाढतो. तीन महिन्यांहून अधिक काळात घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले तर ते खरं धरायचं. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, मधल्या धारेचा.

तुमचा नमुना कधीचा होता? आदल्या दिवशी काही विशेष?

मुठाकाठ

रानजाईताई, मनापासून धन्यवाद. नमुना सोमवारी सकाळी दिला. रविवारी ग्रुपबरोबर सिंहगड चढलो होतो, पायवाटेने. सकाळचा होता की नाही म्हणाल तर, केंद्रावर गेल्यावर दिला, म्हणजे पहिला नव्हे.

रानजाई

मग ४२ वर आत्ता फार विसंबू नका. पुन्हा करा. आदले दोन दिवस टेकडी, गड, जिम काही नको. घरून डबी आणा, पहिल्या लघवीची. लॅबमध्ये 'मायक्रोअल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो' म्हटलं की लगेच कळेल. काही शे रुपयांचं काम आहे.

तिफण

मी फिजिशियन आहे, उपनगरात दवाखाना आहे. पेशंटला तपासल्याशिवाय इथे कुणालाही औषध सांगणार नाही. पण मुठाकाठ यांचा प्रश्न इतका मोलाचा आहे की सविस्तर लिहितो.

आधी किडनीच्या बाजूने. एकेका किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं परत शोषलं जातं आणि दीड-दोन लिटर लघवी होते. अल्ब्युमिनसारखी प्रथिनं रक्तातच राहायला हवीत. त्यांना अडवणाऱ्या थरांत सगळ्यात नाजूक असतात पोडोसाइट पेशी. त्या गळून गेल्या की त्यांची भरपाई जवळजवळ होत नाही. म्हणून लघवीत थोडंसं अल्ब्युमिन येऊ लागणं ही आपल्याला हाताला लागणारी फार लवकरची खूण आहे.

आता क्रिएटिनिन. किडनीकडे राखीव क्षमता भरपूर असते, त्यामुळे निम्म्याच्या आसपास काम थांबेपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतं. त्यातही आपल्याकडच्या शाकाहारी, बारीक स्नायूंच्या माणसाचं क्रिएटिनिन मुळात कमी असतं, आणि मग ईजीएफआर आहे त्याहून चांगला दिसतो. शिवाय साखर वाढू लागण्याच्या काळात किडनी गरजेपेक्षा जास्त गाळते. गाळलेल्या द्रवात साखर जास्त आली की गाळणीपुढची नलिका ती साखर आणि तिच्याबरोबर मीठ जास्त शोषून घेते. पुढच्या टप्प्यावर मीठ कमी पोचतं, किडनीला वाटतं रक्तपुरवठा कमी पडतोय, आणि ती गाळणीत येणारी रक्तवाहिनी रुंद करते. गाळणीतला दाब वाढतो. अशा वेळी ईजीएफआर उत्तम येतो आणि नुकसान मात्र चालू असतं. १०८ वाईट आहे असं मी म्हणत नाही. 'किडनी उत्तम' असा दाखला त्या एका आकड्यावर देता येत नाही, एवढंच.

आता चरबीच्या बाजूने. तुमच्या रिपोर्टमध्ये एलडीएल ११२ आहे म्हणून कोलेस्टेरॉल ठीक असं सांगितलं गेलं. पण ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल पुरुषात ४० च्या खाली, ही जोडी इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ठळक खूण आहे. पोटातल्या चरबीतून फॅटी ॲसिड सुटतात, यकृत ती घेऊन ट्रायग्लिसराइडने भरलेले व्हीएलडीएलचे कण रक्तात सोडतं. हे कण एचडीएल आणि एलडीएलशी देवाणघेवाण करतात. त्यातून एचडीएलचे कण लहान होतात आणि लवकर निकाली निघतात, एलडीएलचे कण लहान आणि दाट होतात. म्हणजे एलडीएलचा आकडा बेताचाच राहतो, पण कणांची जात बिघडते.

किडनीपर्यंत हे कसं पोचतं? नलिकेच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी ऊर्जेसाठी मुख्यतः फॅटी ॲसिडच जाळतात. त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त चरबी येऊन पडली की ती पेशींत साठते, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) थकतात, दाह सुरू होतो. पोडोसाइटमध्येही असंच साठतं. चरबीमुळे किडनीला थेट इजा होत असावी, ही मांडणी मूरहेड आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये केली होती. तेव्हापासून प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिला पुष्कळ आधार मिळाला आहे.

ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल, तुमचं ६.६ येतं. साधारण ३ च्या वर गेलं की इन्सुलिनला विरोध असावा अशी शंका घेतात. हा आकडा लोकसमूह, लिंग, वय यांनुसार बदलतो, त्यामुळे त्याला लक्ष्मणरेषा मानू नका. पण ६.६ कुठल्याही मापाने जास्तच आहे.

आणि एक सांगतो, तुमच्या रिपोर्टमधली मला सगळ्यात जास्त टोचणारी ओळ बीपीची आहे. १३६/८६ ला 'थोडंसं वरखाली' म्हणून लोक सोडून देतात. किडनीच्या दृष्टीने ते सोडण्यासारखं नाही.

पानशेत

तिफण, उत्कृष्ट प्रतिसाद. माझं काम आकडेवारीचं आहे, म्हणून एक शंका मांडतो, वाद म्हणून नव्हे.

गुणोत्तर आणि अल्ब्युमिन यांचा संबंध दाखवणारे अभ्यास बहुतेक वेळा एकाच दिवशी घेतलेल्या रक्त-लघवीवर आधारलेले असतात. त्यातून आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. पोटाची चरबी, वाढलेलं बीपी, बैठं काम या सगळ्यांमुळे ट्रायग्लिसराइडही वाढतं आणि अल्ब्युमिनही गळतं. मग ट्रायग्लिसराइड हे कारण नसून सोबती ठरतं. शिवाय उलटंही होतं : लघवीतून खूप प्रथिनं गेली की यकृत जास्त लिपिड बनवतं. मग 'चरबी किडनी बिघडवते' असं माणसांबद्दल म्हणायला काय आधार?

तिफण

पानशेत, तुमची शंका अगदी योग्य जागी आहे. उलटा परिणाम नेफ्रोटिक सिंड्रोमसारख्या जोराच्या गळतीत दिसतो, ४२ सारख्या आकड्याला नाही. पण सोबती की कारण, हा प्रश्न खराच आहे, आणि औषधांच्या चाचण्यांनी त्याचं उत्तर हवं तितकं सरळ दिलेलं नाही.

'शार्प' ही चाचणी २०११ ची. किडनीचा आजार असलेले नऊ हजारांहून अधिक लोक, सिमवास्टॅटिन आणि इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं. रक्तवाहिन्या तुंबून होणारे मोठे प्रसंग सुमारे १७ टक्क्यांनी घटले. किडनीचा आजार पुढे सरकण्याचा वेग मात्र कमी झाला नाही. 'फील्ड', २००५, टाइप २ मधुमेहाचे जवळजवळ ९८०० लोक आणि ट्रायग्लिसराइड उतरवणारं फेनोफायब्रेट. ट्रायग्लिसराइड उतरलं, अल्ब्युमिन वाढत जाण्याचं प्रमाणही कमी झालं. पण त्याच औषधाने क्रिएटिनिन वाढतं आणि औषध थांबवलं की खाली येतं, त्यामुळे अर्थ लावताना जपावं लागतं. २०२२ मध्ये 'प्रॉमिनंट' चाचणीत पेमाफायब्रेटने ट्रायग्लिसराइड छान उतरवलं, तरी हृदयविकाराचे प्रसंग कमी झाले नाहीत.

यातून माझं मत असं बनलं आहे : ट्रायग्लिसराइड-एचडीएलचं गुणोत्तर हा इशारा आहे, नेम धरायची खूण नाही. नुसता तो आकडा गोळीने खाली आणून किडनी वाचेल असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. हा इशारा दिसला की दोन गोष्टी करायच्या : लघवीची खरी तपासणी, आणि गुणोत्तर ज्या मुळातून वाढलं त्या मुळावर काम, म्हणजे कंबर, बीपी, जेवण, हालचाल.

स्टॅटिनची (सिमवास्टॅटिनच्या जातीच्या गोळ्यांची) गोष्ट वेगळी. ते हृदयासाठी आणि रक्तवाहिन्यांसाठी द्यायचं असतं, एकूण धोका बघून. तो निर्णय समोर बसून घ्यायचा.

प्री-डायबिटीसमध्ये प्रत्येकाने यूएसीआर करावं असा नियम मार्गदर्शक सूचनांत नाही. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांसाठी तो आहे. मी माझ्या दवाखान्यात मात्र प्री-डायबिटीसबरोबर बीपी १३० च्या वर, किंवा ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी, किंवा घरात किडनीचा आजार, यातलं काहीही असलं तर सांगतोच. मुठाकाठ यांच्याकडे तिन्ही आहेत.

रानजाई

थोडी तांत्रिक भर, कारण हल्ली रिपोर्टमध्ये गुणोत्तरांची जत्रा भरलेली असते.

बहुतेक ठिकाणी एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. हे फ्रीडवाल्ड यांचं १९७२ चं सूत्र. मुठाकाठ यांचं बघा : १९६ वजा ३६ वजा ४७.६, म्हणजे ११२. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर हे सूत्र वापरायचंच नाही, आणि त्याच्या खालीही जसजसं ट्रायग्लिसराइड वाढतं तसतसं ते एलडीएल कमी दाखवू लागतं.

काही रिपोर्टमध्ये 'रेम्नंट कोलेस्टेरॉल' हा नवा आकडा दिसतो. एकूण वजा एचडीएल वजा एलडीएल. एलडीएल सूत्राने काढलेलं असेल तर हा आकडा म्हणजे पुन्हा तेच ट्रायग्लिसराइड भागिले पाच! त्यात नवीन माहिती काहीच नाही. थेट मोजलेलं एलडीएल असेल तरच त्याला अर्थ.

'एथेरोजेनिक इंडेक्स ऑफ प्लाझ्मा' म्हणून असतो तोही ट्रायग्लिसराइड-एचडीएलचाच भागाकार, फक्त मिलिमोलमध्ये आणि लॉगरिदम घेऊन. मुठाकाठ यांचा सुमारे ०.४६ येतो. एकच गोष्ट तीन नावांनी छापून आली म्हणून तीन आजार झाले असं समजून घाबरू नका. पेशंट फोन करून रडतात, म्हणून कळकळीने लिहितेय.

जो आकडा रिपोर्टमध्ये छापला नसला तरी काढता येतो आणि खरोखर उपयोगी आहे तो नॉन-एचडीएल : एकूण वजा एचडीएल, इथे १६०. उपाशी असण्या-नसण्याने त्यात फार फरक पडत नाही. आणखी खोलात जायचं तर अपोबी, म्हणजे एलडीएलसारख्या कणांवरचं प्रथिन, त्यावरून कणांची संख्या कळते.

ट्रायग्लिसराइड मात्र आदल्या रात्रीच्या जेवणाने चांगलंच हलतं. लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या सकाळी रक्त देऊ नका. बारा तास उपाशी, आणि त्याआधीचे दोन-तीन दिवस नेहमीसारखं जेवण.

जुनाबाजार

सगळं वाचलं. वय ६७, राहणार पेठेत. साखर बॉर्डरवर, बीपीची गोळी चालू. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून वेदनाशामक आणून घेतो, आणि ओळखीच्या एकांकडून 'शुगर तोडणारी' पुडीही घेतो, भस्माची. किडनीचा विषय निघालाच आहे तर विचारतो, यात काही वावगं?

तिफण

काका, दोन्ही थांबवून तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात भेटा, अशी हात जोडून विनंती. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या किडनीत येणाऱ्या रक्तवाहिनीला आकसवतात. बीपीच्या काही गोळ्या बाहेर जाणाऱ्या रक्तवाहिनीला सैल करतात. वरून लघवी वाढवणारी गोळी असेल आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, तर किडनी एकदम बसू शकते. पुड्यांचं म्हणाल, तर ज्यावर काय घातलंय ते छापलेलं नाही ते पोटात घालू नका. शिसं, पारा असलेल्या पुड्यांनी किडन्या गेलेली माणसं मी पाहिली आहेत. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, ती चालूच ठेवा. जाताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या बरोबर न्या.

जुनाबाजार

बरं. मुलाला घेऊन जातो.

अबोली

मी आहारतज्ज्ञ आहे. तिफण यांनी 'मुळावर काम' म्हटलं, त्यातला स्वयंपाकघराचा भाग माझा.

ट्रायग्लिसराइड म्हटलं की लोक तेल-तूप बंद करतात आणि पोहे, उपमा, पाव, बिस्किटं तशीच चालू ठेवतात. आपल्या घरांत ट्रायग्लिसराइड चढवतं ते मुख्यतः साखर आणि मैदा-पिठांचं जास्तीचं प्रमाण. दिवसभरातल्या अमृततुल्य चहांचा हिशोब करा. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तरी पुरेसं कळेल. गूळ आणि मध यांना यात सूट नाही. फळांचा रसही नको, फळ चावून खा. उपासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, आणि आपण तो आठवड्याचे दोन-दोन वार खातो. उपास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, श्रद्धेचा भाग आहे. पण दही, राजगिरा, दाणे, काकडी, रताळ्याचा लहान तुकडा यांवरही उपास होतो.

पानात आधी कोशिंबीर-भाजी, मग उसळ किंवा घट्ट वरण, शेवटी भाकरी. हा क्रम ठेवला तर जेवणानंतर साखर कमी उसळते. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीन-तीन नव्हेत.

मीठ. याबद्दल मी सगळ्यात आग्रही आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे एक चहाचा चमचा, सगळं धरून. लोणचं, पापड, फरसाण, शेव, बाकरवडी, तयार सूप यांतून ते न कळत ओलांडलं जातं. बीपी १३६ असणाऱ्याने वरून मीठ घेणं बंद करावंच.

प्रोटीन पावडर सध्या नको. यूएसीआरचा उलगडा होईपर्यंत तरी नाही. तसंच क्रिएटिनच्या पूरकांनी रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं आणि नसता गोंधळ होतो. डाळी, दही, ताक, पनीर, मोडाची कडधान्यं पुरेशी आहेत.

आणि हिंजवडीकरांसाठी खास : ट्रॅफिकमधून घरी पोचून रात्री साडेदहाला भरपेट जेवायचं आणि अकराला झोपायचं, हे बदला. साडेसहा-सातला ऑफिसातच डब्यातली उसळ-भाकरी खाऊन घ्या, घरी फक्त ताक किंवा सूप. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं ट्रायग्लिसराइड या एका बदलाने काही आठवड्यांत उतरताना दिसतं. एचबीए१सीला तीन महिने लागतात, ट्रायग्लिसराइडला तेवढे लागत नाहीत, त्यामुळे हुरूपही येतो.

पानशेत

अवांतर नाही, पुण्याचाच विषय आहे म्हणून. मुठाकाठ यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) साडेचोवीस येतो, म्हणजे कंपनीच्या फॉर्मवर 'नॉर्मल'. पण आशियाई लोकांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त धरतात, आणि भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या आत, स्त्रीची ८० च्या आत असावी असं म्हणतात. आपल्या पुण्यातल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हेच अनेक वर्षं मांडलं आहे. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून त्यांनी मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाने हलकी असतात, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त असतं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटनमधल्या युडकिन यांचा एकत्र फोटो आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. 'मी तर बारीक आहे, मला काय होतंय' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने ती जोडी बघावी.

आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासात, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, देशातल्या सुमारे १३.६ कोटी लोकांना प्री-डायबिटीस असल्याचा अंदाज आहे. यातल्या किती जणांची लघवी कुणी तपासली असेल?

टेकडीवेडा

व्यायामाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. अमेरिकेतल्या डीपीपी या मधुमेह टाळण्याच्या चाचणीत (२००२) आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि ७ टक्के वजन घटवणं हे उद्दिष्ट होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या भारतीय चाचणीत (२००६) जीवनशैलीने २८.५ टक्के घट झाली, तीही वजन फारसं कमी न होता. म्हणजे काटा हलला नाही म्हणून चालणं सोडायचं नाही.

रविवारी एकदा सिंहगड आणि सहा दिवस खुर्ची, यापेक्षा रोज वेताळ टेकडी किंवा तळजाई बरी. मला सिंहगड प्रिय आहे, तरी हेच सांगेन. पायांना आणि पाठीला ताकद येईल असं काही आठवड्यातून दोनदा करा, साखर खर्च होते ती स्नायूंतच.

मुठाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले आहेत. पुन्हा केलेलं यूएसीआर आलं : ३४. पहिली लघवी, आदले दोन दिवस फक्त घर-ऑफिस. ताप, जंतुसंसर्ग काही नाही. म्हणजे गडाचा वाटा होता, पण सगळं त्याचं नव्हतं.

एका फिजिशियनना भेटलो. त्यांनी घरी बीपी मोजायला सांगितलं, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर, पाच मिनिटं शांत बसून. सरासरी १३४/८५ आली. तिसरा नमुना पुढच्या महिन्यात. तोही ३० च्या वर आला आणि बीपी असंच राहिलं, तर किडनीलाही जपणारी बीपीची गोळी सुरू करू म्हणाले. तोपर्यंत मीठ, कंबर आणि चालणं. सोनोग्राफीही करून घेतली, किडन्यांचा आकार नीट आहे.

तिफण

योग्य हातांत आहात. ती गोळी सुरू झालीच तर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला विसरू नका. सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढतं, ते गाळणीतला दाब उतरल्यामुळे. त्याला घाबरून स्वतःहून गोळी बंद करू नका. आणि ३४ हा आकडा परत फिरू शकतो, या टप्प्यावर तो फिरलेला मी बऱ्याचदा पाहिला आहे.

सुरपाखरू

आता माझं. वय ३८, वजन ५१, कंबर ७६. एचबीए१सी ५.९, पण उपाशीपोटी साखर ९१. ट्रायग्लिसराइड ११०, एचडीएल ४४. हिमोग्लोबिन ९.८, पाळीत रक्तस्राव खूप होतो. दुसऱ्या गरोदरपणात साखर वाढली होती, बाळंतपणानंतर नॉर्मल झाली. मलाही यूएसीआर करायला हवं का?

रानजाई

सुरपाखरू, तुमच्या एचबीए१सीवर मला भरवसा नाही. लोहाच्या कमतरतेमुळे लाल पेशी जास्त दिवस टिकतात, आणि साखर न वाढताही एचबीए१सी वाढलेलं दिसतं. बी१२ कमी असेल तरी असंच होतं, आणि आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ते फार आढळतं. आधी फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) आणि बी१२ करा. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायची तपासणी करा. १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ प्री-डायबिटीस.

यूएसीआरचा नमुना पाळीच्या दिवसांत देऊ नका.

तिफण

रानजाई यांच्याशी पूर्ण सहमत. तुमचं लिपिडचं चित्र मुठाकाठ यांच्यासारखं नाही. एचडीएल स्त्रियांत ५० च्या वर हवं, ते थोडं कमी आहे, पण ट्रायग्लिसराइड ठीक आहे. तरीही गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रीला पुढे मधुमेहाचा धोका बराच जास्त असतो, म्हणून ग्लुकोजची तपासणी टाळू नका आणि दर एक ते तीन वर्षांनी करत राहा. बीपी किती असतं? ते वाढलेलं असेल किंवा ग्लुकोजची तपासणी १४० च्या वर आली तर यूएसीआर करा. आणि रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी भेटा, हिमोग्लोबिन ९.८ वर थांबून राहायचं नाही.

सुरपाखरू

बीपी ११२/७४. गुरुवारची वेळ घेतली आहे, फेरिटिन आणि बी१२ उद्याच देते.